मोठा कार्ब, मोठा आवाज… आणि पिकअप? कार्बोरेटर बदलल्यावर इंजिनात नेमकं काय होतं

ठाण्यात किंवा वाशी-तुर्भ्याकडे जुनी आरएक्स, बुलेट किंवा पल्सर घेऊन गॅरेजला गेलात, की कधी ना कधी हा प्रश्न निघतोच : "मोठा कार्ब टाकला तर गाडी पळेल का?" थोडं थांबून दुसरा प्रश्न येतो, "आणि आवाज?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती एकच समजल्यामुळे चांगली इंजिनं बिघडतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शननं घेतली. पण त्याआधीच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांना जीव लावणारी माणसंही आहेत. हा लेख त्यांच्यासाठी.

हवा पळते म्हणून पेट्रोल वर चढतं

कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. त्यात पंप नसतो (काही स्पोर्टी कार्बमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो, पण त्याचं काम वेगळं). पिस्टन खाली जातो, इंजिन हवा ओढतं, ती हवा कार्बच्या अरुंद गळ्यातून वेगानं जाते. हवेचा वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. खाली वाटीत भरलेल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या फरकामुळे पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी नळीतून, वर चढतं आणि हवेत फवारलं जातं.

सगळी गंमत त्या फरकात आहे. गळा जितका मोठा, तितकी हवा जास्त मावते, पण तितकीच ती संथ चालते. हवा संथ झाली की ओढ कमी होते आणि पेट्रोल नीट फुटत नाही, मोठ्या थेंबांनी येतं. मोठे थेंब सिलिंडरमध्ये पूर्ण जळत नाहीत.

आकड्यांत बघू. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं, त्याची जास्तीत जास्त ताकद ७५०० आरपीएमला येते. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीत एकदा हवा ओढतं. म्हणजे मिनिटाला साधारण ७३५ लिटर, सेकंदाला सव्वाबारा लिटर. २० मिमी गळ्याचा कार्ब धरला तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला ३९ मीटर येतो. त्याच इंजिनावर २८ मिमीचा कार्ब बसवला तर वेग २० मीटरवर येतो. वेग निम्मा झाला, पण जेटवरची ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ओढ जवळजवळ चौथाई उरते. २४ मिमी घेतला तरी ओढ निम्मीच. आणि हे पूर्ण रेसला. सिग्नलवरून सुटताना, ३००० आरपीएमला, काय होत असेल याची कल्पना करा.

टू-स्ट्रोकसाठी एक जुना ठोकताळा आहे. इंजिनाचं आकारमान लिटरमध्ये घ्यायचं, त्याला कमाल ताकदीच्या आरपीएमनं गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि ०.६५ ते ०.९ यांमधल्या आकड्यानं गुणायचं. आलेलं उत्तर म्हणजे गळ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये. आरएक्ससाठी हे १७.६ ते २४.४ असं येतं. खालच्या टोकाला गेलात तर शहरात चांगली ओढणारी गाडी, वरच्या टोकाला गेलात तर फक्त वरच्या रेसमध्ये जीव असलेली गाडी. २८ मिमी या पट्ट्याच्या बाहेर आहे. इंजिनात हवा येण्या-जाण्याच्या वाटा (पोर्ट, रीड ब्लॉक, एक्झॉस्ट) न बदलता तो बसवण्यात अर्थ नाही.

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेट ३५० ला २४ मिमीचा कार्ब यायचा, ५०० ला २८ मिमीचा. म्हणून "५०० चा कार्ब ३५० ला" हा आपल्याकडचा आवडता बदल. हिशेबानं बघितलं तर त्याच हवेला २८ मिमीत ओढ २४ च्या तुलनेत निम्म्याहून थोडी जास्त राहते. गाडी बिघडत नाही, जेट नीट निवडले तर वरच्या रेसला थोडा मोकळेपणाही येतो. पण खालून मूठ झटकन पिळली की ती क्षणभर गुदमरते, आणि बुलेट चालवायची मजा तर खालच्याच रेसमध्ये असते. आमच्या मते हा बदल तोट्याचा आहे.

स्लाईड कोण उचलतं : तार की हवा

गळ्याच्या मापापेक्षाही जास्त फरक पडतो कार्बच्या जातीनं. आपल्या रस्त्यांवर मुख्य तीन जाती दिसतात.

पहिली व्हीएम, म्हणजे गोल स्लाईडवाली (स्लाईड म्हणजे वर-खाली सरकून गळा उघडणारा-झाकणारा भाग). मुठीची तार थेट स्लाईडला बांधलेली असते. मूठ जेवढी पिळली तेवढी स्लाईड वर गेली. इंजिनाला तेवढी हवा पेलते की नाही हे ती विचारत नाही. २००० आरपीएमला मूठ पूर्ण उघडली की गळा एकदम मोकळा होतो, हवेचा वेग पडतो, पेट्रोल मागे राहतं. आवाज आधी पोकळ होतो, 'बॉऽऽ' असा, आणि मग गाडी सावरून ओढते. म्हणूनच व्हीएम कार्बवर जाणता चालक मूठ पिळत नाही, वाढवत नेतो. त्यानं अर्धी मूठ ठेवली तर मोठ्या कार्बची स्लाईडही तेवढीच खाली असते आणि हवेला वेग मिळतो.

दुसरी सीव्ही, म्हणजे रबरी पडद्याची, डायफ्रॅमवाली. क्लासिक ३५० चं यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेलं) २९ मिमीच्या अशा कार्बवर आलं आणि पल्सर १५० लाही हीच जात होती. इथे तुमची मूठ फक्त मागचा पत्रा, म्हणजे बटरफ्लाय, उघडते. पुढची स्लाईड इंजिनाच्या ओढीनंच, पडद्याच्या मदतीनं वर जाते. इंजिन जेवढं मागेल तेवढाच गळा उघडतो. त्यामुळे मूठ झटकली तरी गाडी गुदमरत नाही. आवाजातही हे ऐकू येतं. व्हीएमवर रेस दिली की आवाज फटकन तुटून वर जातो, सीव्हीवर तो उतारावरून गुंडाळत आल्यासारखा भरत जातो. अनेकांना हा दुसरा आवाज 'मेलेला' वाटतो. गाडीचा वेग तोच असतो, कानाला फक्त झटका मिळत नाही.

तिसरी फ्लॅट स्लाईड. स्लाईड गोल नसून पातळ पट्टी असते, त्यामुळे हवेच्या वाटेत अडथळा कमी येतो आणि सुईजवळची ओढ जास्त स्वच्छ मिळते. प्रतिसाद सर्वांत चपळ. पण मंद रेसला पातळ स्लाईड आपल्या खाचेत हलते आणि टकटक वाजते. नवीन बसवलेल्या फ्लॅट स्लाईडचा हा आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) समजून हेड उघडणारे मेकॅनिक असतात. आधी हातानं मूठ किंचित उघडून बघा. टकटक थांबली तर ती स्लाईडचीच.

बुलेटवाल्यांची एक समजूत इथेच सांगायला हवी. यूसीईवरचा सीव्ही काढून व्हीएम टाकला की जुन्या लोखंडी इंजिनाचा 'डग-डग' परत येतो असं मानतात. त्या ठेक्यात जुन्या इंजिनाच्या जड फ्लायव्हीलचा, संथ रेसचा, इग्निशनच्या टायमिंगचा आणि सायलेन्सरच्या आतल्या नळ्यांचा वाटा मोठा होता. कार्बचा वाटा थोडा. व्हीएम टाकून ठेका येत नाही म्हणून मग रेस अजून खाली आणतात, आणि तिथे खरं नुकसान सुरू होतं. रेस फार कमी झाली की ऑइल पंप हळू फिरतो, वर हेडपर्यंत ऑइल कमी पोहोचतं. मंद रेस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याच्या खाली नेऊ नका.

आवाज कुठून येतो

सायलेन्सरचा आवाज सगळ्यांना माहीत आहे. हवा ओढण्याचा आवाज मात्र लक्षात येत नाही, कारण कंपनीनं तो डब्यात बंद केलेला असतो. फिल्टरचा तो मोठा प्लास्टिकचा डबा, एअर बॉक्स, फक्त धूळ अडवत नाही. इनलेट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट कार्बमधून उलटी बाहेर येते. फोर-स्ट्रोकचं एक सिलिंडर ३००० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा असा झटका देतं. टू-स्ट्रोक ६००० ला १०० वेळा. एअर बॉक्स या लाटा स्वतःत जिरवतो, आणि त्याच वेळी कार्बला स्थिर, शांत हवा पुरवतो.

डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला की त्या सगळ्या लाटा तुमच्या गुडघ्याजवळ मोकळ्या होतात. घोंघावणारा, भरीव आवाज येतो. सायलेन्सरचा आवाज मागे जातो, हा मात्र थेट चालकाच्या कानावर येतो. गाडी जोरात ओढतेय असं वाटतं. प्रत्यक्षात हवेचा अडथळा कमी झाल्यामुळे मिश्रण पातळ झालेलं असतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. जेट न बदलता असा फिल्टर लावलेली गाडी बहुतेक वेळा आधीपेक्षा मंद आणि गरम चालते.

सीव्ही कार्बवर कोन फिल्टरचा त्रास आणखी वाढतो. पडद्याच्या खालच्या बाजूला जी हवा लागते ती कार्बच्या तोंडापासूनच घेतलेली असते. तोंडापाशी हवा गोंधळली की स्लाईड थरथरते. अर्ध्या मुठीला गाडी झटके खाते आणि कितीही जेट बदलले तरी ते जात नाही. सीव्ही असेल तर एअर बॉक्स ठेवा. यात आम्हाला तडजोड दिसत नाही.

कानावर विश्वास नसेल तर मोजा. घोडबंदर रोडला गायमुखचा चढ आहे. पहाटे रस्ता मोकळा असताना एकाच खुणेपासून, त्याच तिसऱ्या गिअरला, सारख्याच वेगानं सुरुवात करून वर पोहोचताना स्पीडोमीटर किती दाखवतो ते लिहून ठेवा. बदल करण्याआधी तीन वेळा, नंतर तीन वेळा. चालक तोच, टाकीत पेट्रोल साधारण तेवढंच. आवाज वाढून आकडा तोच राहिला किंवा कमी झाला तर काय झालंय ते कळलंच.

आवाजावरून दोष ओळखणं

आवाज ही ताकदीची पावती नसली तरी मिश्रणाची खबर तो अचूक देतो.

मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फट-फट फटाके वाजतात तेव्हा बहुतेक वेळा पायलट जेटकडचं, म्हणजे मंद रेसचं, मिश्रण पातळ असतं. न पेटलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरमध्ये पेटतं. पण दोन गोष्टी आधी तपासा : सायलेन्सर जिथे हेडला बसतो तिथली गॅस्केट, कारण तिथून हवा आत गेली तरी हाच आवाज येतो, आणि काही गाड्यांमध्ये प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये मुद्दाम हवा सोडणारी यंत्रणा असते, त्यात हलके फटाके स्वाभाविक आहेत.

रेस देऊन मूठ सोडली तरी रेस खाली यायला वेळ लागणं हे हवा घेत असल्याचं लक्षण. कार्ब आणि इंजिन जोडणारं रबर तडकलेलं असतं किंवा ओ-रिंग चपटी झालेली असते. मंद रेसवर गाडी ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडा. पाणी ओढलं गेलं आणि रेस बदलली तर गळती तिथेच. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून बघण्याची पद्धत आहे, पण गरम इंजिनावर ती आग लावू शकते. साबणाचं पाणी पुरतं.

कार्बच्याच तोंडातून 'फस्' करून शिंक येते, खासकरून थंड गाडीला मूठ दिल्यावर. हेही पातळ मिश्रण. जोर लावताना सिलिंडरमधून बारीक धातूचा टिकटिक आवाज येतो त्याला नॉकिंग म्हणतात. ते पातळ मिश्रणानं वाढतं आणि ते ऐकू येत असताना गाडी दामटवत राहणं म्हणजे पिस्टन जाळणं.

मिश्रण घट्ट असेल तर आवाज जड, ओला, भदभद होतो. टू-स्ट्रोकमध्ये हा दोष फार स्पष्ट ऐकू येतो. पेट्रोल इतकं जास्त होतं की एक फेरी सोडून एक फेरी पेटते आणि सलग 'र्र्र्' ऐवजी तुटक 'बर्-बर्-बर्' असा आवाज येतो. प्लग काळा आणि ओला निघतो, मायलेज पडतं. घट्ट मिश्रण इंजिनाला लगेच मारत नाही, पातळ मिश्रण मारतं. टू-स्ट्रोकचं इंजिन जाम होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, म्हणून शंका असेल तेव्हा किंचित घट्ट बाजूला राहा.

आरएक्ससारख्या ऑटोल्युबच्या गाड्यांवर (ज्यांत ऑइल वेगळ्या पंपानं इंजिनाला मिळतं) कार्ब बदलताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. मुठीच्या तारेलाच ऑइल पंपाची तार जोडलेली असते. दुसऱ्या कार्बची स्लाईड वेगळ्या उंचीची असली की पंपाची खूण जागेवरून सरकते. ऑइल कमी येतं, गाडी दोन-चार दिवस छान पळते आणि मग मागचं चाक लॉक होतं. कार्ब बसवल्यावर पंपाच्या खुणा मॅन्युअलप्रमाणे पुन्हा जुळवल्याशिवाय किक मारू नका.

कोणता जेट कधी काम करतो

कार्बमध्ये एक जेट नसतो, चार वाटेकरी असतात, आणि मूठ किती उघडी आहे त्यानुसार एकेकाची पाळी येते. मुठीच्या अष्टमांश भागापर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाईडच्या तळाचा तिरका काप. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुई आणि ती ज्यात बसते तो नीडल जेट. पाऊण ते पूर्ण मुठीपर्यंत मेन जेट. सीव्हीमध्ये स्लाईड मुठीला बांधलेली नसल्यामुळे ही वाटणी इतकी काटेकोर दिसत नाही, पण क्रम तोच.

म्हणून "पिकअप नाही, मेन जेट मोठा टाक" हा सल्ला बहुधा चुकीचा ठरतो. शहरात आपण बहुतेक वेळ पाव मुठीच्या आसपास असतो. माजिवड्याच्या कोंडीत तर पायलट जेटच गाडी चालवतो. दोष कुठल्या मुठीला येतो हे कळण्यासाठी मुठीवर आणि शेजारी स्विचच्या डब्यावर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा. मगच स्क्रू ड्रायव्हर उचला.

आणि त्याच्याही आधी : एअर फिल्टर स्वच्छ आहे ना, प्लगचा गॅप आणि टॅपेट मापात आहेत ना, चोक पूर्ण परत बसतोय ना. हे न बघता केलेलं कार्बचं ट्युनिंग दुसऱ्याच रोगावरचं औषध असतं.

मंद रेस जुळवायची पद्धत अशी. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. पायलटचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत न्या. जोरानं आवळला तर टोक चेपतं आणि कार्ब कायमचा बिघडतो. मग दीड फेरा बाहेर काढा. गाडी सुरू करून पाव-पाव फेरा फिरवत सर्वांत जास्त आणि सुरळीत रेस कुठे मिळते ते शोधा. रेसच्या स्क्रूनं रेस खाली आणा, पुन्हा एकदा शोधा.

इथे एक मोठा घोटाळा होतो. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत नेला की मिश्रण घट्ट होतं. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, आत नेला की पातळ होतं. व्हीएमवर शिकलेला हात सीव्हीवर उलटा फिरवतो तो याचमुळे. हवेचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत गेल्यावरच गाडी नीट चालत असेल तर पायलट जेट छोटा पडतोय. तीन फेरे बाहेर काढूनही सुधारत असेल तर तो मोठा आहे. मिश्रणाच्या स्क्रूला हे उलटं वाचा.

सुईला वरच्या टोकाला खाचा असतात, बहुतेकांत पाच, आणि त्यातल्या एकीत छोटी क्लिप. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण घट्ट होतं. क्लिप वर, तर पातळ. काही गाड्यांच्या सुईला एकच खाच देतात, तिथे पातळ वॉशर घालून उंची वाढवतात. अर्ध्या मुठीला अडखळणारी गाडी एका खाचेत सरळ होते आणि त्याला पैसाही लागत नाही. तरी गॅरेजमध्ये हा उपाय सर्वांत शेवटी आठवतो, याचं वाईट वाटतं.

मेन जेट तपासायला मोकळा सरळ रस्ता आणि कायद्यात बसणारा वेग हवा, म्हणून खालचा गिअर वापरा. पूर्ण मूठ उघडून गाडी स्थिर ओढायला लागली की मूठ किंचित, अष्टमांश मागे घ्या. वेग वाढल्यासारखा वाटला तर जेट छोटा आहे. थोडा पडला तर साधारण बरोबर. कार्ब नवीनच बसवला असेल तर याच चाचणीनं सुरुवात करा : आधी मेन जेट, मग मंद रेस, मग सुई.

जेटवरच्या आकड्यांनी फसू नका. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहतं यावरून असतो, केहिनचा भोकाच्या व्यासावरून. दोघांचे शंभर सारखे नसतात. स्वस्त नकली जेटवर तर आकडा एक आणि भोक दुसरंच असतं. जेट नेहमी त्याच कंपनीचा, एका वेळी एकच पायरी, आणि एका वेळी एकच बदल.

इथलं पेट्रोल, इथली हवा

२०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवरच गाडी आठ टक्क्यांच्या आसपास पातळ चालते. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये सेन्सर हे सांभाळतो, कार्बला काहीच कळत नाही. नव्यानं फटाके वाजायला लागले, थंडीत सुरू व्हायला त्रास झाला, तर आधी सुईची क्लिप एक खाच खाली, नंतर पायलट आणि मेन जेट एकेक पायरी मोठे. प्लगचा रंगही या पेट्रोलवर पूर्वीपेक्षा फिका दिसतो, जुना 'बिस्किटी' रंग शोधत बसलात तर मिश्रण उगाच घट्ट कराल.

इथेनॉल पाणी ओढतं, आणि खाडीकाठच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पेट्रोलात पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन वाटीच्या तळाशी बसतं. तिथे धातूवर पांढरी भुकटी धरते आणि ती पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकात अडकते. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागेल. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ती बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कॉक नसेल तर वाटी रिकामी करा.

जेट साफ करताना स्टीलची तार किंवा सुई भोकात घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा रुंदावलं की जेट गेला. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवा. रबरी पडदा आणि ओ-रिंग त्याआधी काढून ठेवा, क्लीनरनं त्या फुगतात. पडदा उजेडासमोर हलकेच ताणून बघा. टाचणीएवढं छिद्र असलं तरी स्लाईड पूर्ण उचलत नाही आणि गाडी ठरावीक वेगाच्या पुढे जातच नाही. असा कार्ब 'गेला' म्हणून नवीन विकला जातो, खरं तर फक्त पडदा गेलेला असतो.

जून-जुलैत गाडी जराशी जड वाटते, त्याचंही कारण आहे. ३० अंशांना हवा पूर्ण दमट असेल तर तिच्यात चार टक्क्यांच्या आसपास वाफ असते आणि तेवढा ऑक्सिजन कमी. घाट चढून महाबळेश्वरला गेलात तर साडेतेराशे मीटरवर हवा दहा टक्क्यांहून जास्त विरळ, मिश्रण घट्ट, आवाज भरडा. या दोन्हींसाठी जेट बदलू नका, परत खाली आलात की सगळं जागेवर येतं.

पीयूसीच्या केंद्रावर मिळणारा कागद मात्र नीट वाचा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या फोर-स्ट्रोकवर मंद रेसला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा एक ते तीन टक्क्यांत असेल तर पायलटचं काम ठीक आहे. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे पातळ, चारच्या पुढे म्हणजे घट्ट. इतक्या कमी पैशांत इतकी चांगली चाचणी दुसरी नाही. आणि सायलेन्सर उघडा करून फिरण्याचा विचार असेल तर आवाजाची मर्यादाही माहीत असू द्या : ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला कंपनीनं ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबलच्या आत बनवायचं असतं. ती ओलांडणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंडाला पात्र होतो.

कार्ब उघडण्याआधी सुईच्या क्लिपचा, स्क्रूच्या जागेचा आणि पाईपांचा फोटो काढा. पायलट, मेन, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे आणि तारीख एका कागदावर लिहून सीटखालच्या टूलकिटमध्ये ठेवा. काढलेले मूळ जेट छोट्या डबीत, त्याच कागदात गुंडाळून.